माल गोदीतून निघाल्यानंतर

ऑक्टोबर २००३. ‘बीबीसी चायना’ नावाचे जर्मन मालकीचे जहाज दुबईहून लिबियाकडे निघाले होते. वाटेत ते इटलीतल्या तारांतो बंदराकडे वळवण्यात आले आणि त्यावरचे पाच कंटेनर उघडले गेले. आतल्या लाकडी खोक्यांत काटेकोर घडवलेले हजारो यंत्रभाग निघाले. ते युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे भाग होते, आणि ते पाठवणारे जाळे पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांचे होते. खोक्यांवर मात्र मलेशियातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्याचे नाव उघडपणे छापलेले होते. लपवण्यासारखे काही आहे, हे त्या कारखान्याच्या गावीही नव्हते. दुबईतल्या एका कंपनीची ऑर्डर आली होती, माल तेल आणि वायू उद्योगासाठी आहे असा त्यांचा समज होता आणि मागणीप्रमाणे तो बनवून दिला होता. फेब्रुवारी २००४ मध्ये मलेशियाच्या पोलिसांनी दिलेला अहवालही हेच सांगतो.

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत ज्याचे आयुष्य लेथ आणि मिलिंगच्या आवाजात गेले आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. ड्रॉइंग येते, मटेरियल ठरते, टॉलरन्स पाहिला जातो, दर दिला जातो, पहिला नमुना पास होतो आणि माल रवाना होतो. हा पार्ट शेवटी कशात बसतो, हे जॉबवर्क करणारा सहसा विचारत नाही. विचारणे आगाऊपणाचे वाटते. शिवाय ग्राहक दुखावला तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, ही धास्ती असतेच. मलेशियातल्या कारखान्यातही तो प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आंतरराष्ट्रीय व्यापारी निर्बंध आणि निर्यात नियंत्रण हा विषय या न विचारलेल्या प्रश्नाभोवती उभा आहे. लहान आणि मध्यम उद्योजकाला तो फार उशिरा भेटतो. कधी बँकेने अडवून ठेवलेल्या पेमेंटच्या रूपाने, कधी न्हावा शेवाला थांबलेल्या कंटेनरच्या रूपाने, तर कधी परदेशी ग्राहकाने पाठवलेल्या चाळीस पानी घोषणापत्राच्या रूपाने. तो आधी, शांतपणे आणि मराठीत भेटावा, एवढ्यासाठी ही ओळख.

आधी दोन शब्दांमधला फरक. निर्बंधांचा प्रश्न असतो ‘कोणाशी?’ एखादा देश, बँक, कंपनी, जहाज किंवा व्यक्ती यादीत टाकली जाते आणि तिच्याशी व्यवहार करण्यास मनाई होते. असे निर्बंध संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद लावते, तसेच अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपीय संघ आपापल्या अधिकारात लावतात. निर्यात नियंत्रणाचा प्रश्न असतो ‘काय?’ ठरावीक वस्तू, रसायने, यंत्रे, सॉफ्टवेअर आणि तांत्रिक माहिती परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ द्यायची नाही, ग्राहक कितीही सज्जन असला तरी. या दोन्हींमागे तिसरा प्रश्न उभा असतो, ‘कशासाठी?’ वस्तू कोणत्याही यादीत नसली, पण ती सर्वसंहारक अस्त्रासाठी वापरली जाणार आहे हे निर्यातदाराला माहीत असेल, तर परवाना लागतोच. भारताच्या कायद्यातही ही तरतूद आहे.

सगळ्यात अवघड असतात त्या दुहेरी उपयोगाच्या वस्तू. थायोडायग्लायकॉल हे रसायन कापडाच्या रंगाईत आणि बॉलपेनच्या शाईत चालते. त्याच्यापासून मस्टर्ड गॅसही बनतो. धाग्याच्या रिळाएवढा ‘ट्रिगर्ड स्पार्क गॅप’ नावाचा विजेचा स्विच मुतखडा फोडणाऱ्या यंत्रात असतो. अण्वस्त्राच्या स्फोटासाठीही तो चालतो. २००३ मध्ये केप टाउनमधल्या एका व्यापाऱ्याने असे दोनशे स्विच अमेरिकेतून मागवले. ते दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णालयासाठी आहेत असे त्याने कागदावर लिहिले. एका रुग्णालयाला असे पाच-सहा स्विच पुरतात. अमेरिकी तपास यंत्रणांना आधीच सुगावा लागला होता. त्यांनी स्विच बनवणाऱ्या कारखान्याच्या मदतीने पहिल्या खेपेतले ६६ नग निकामी करून पाठवले आणि खेपेचा माग काढला. माल इस्लामाबादला पोहोचला. व्यापाऱ्याला २००५ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणात कोणत्याही गुप्त तंत्रापेक्षा एक साधा हिशेब बोलका होता: एवढ्या रुग्णांचे मुतखडे कुठून आले?

नियंत्रणाची आजची पद्धत शीतयुद्धातून आली. १९४९ मध्ये पाश्चात्त्य देशांनी ‘कोकॉम’ ही समिती स्थापली आणि सोव्हिएत गटाकडे काय जाऊ द्यायचे नाही याच्या याद्या केल्या. ती समिती जगाला माहीत झाली ती तोशिबा प्रकरणामुळे. तोशिबा मशीन या जपानी कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लेनिनग्राडच्या गोदीला नऊ अक्षांची मिलिंग यंत्रे विकली. त्यांचे संगणकीय नियंत्रक नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीचे होते. परवान्याच्या अर्जात मात्र साध्या, दोन अक्षांच्या यंत्राचे वर्णन होते. अशा यंत्रावर पाणबुडीचा पंखा इतका अचूक कापता येतो की त्याचा पाण्यातला आवाज घटतो. व्यवहारात सामील असलेल्या एका व्यापारी कंपनीतल्या माणसाने पत्र लिहून सगळे उघड केले. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेच्या हिरवळीवर काही सदस्यांनी तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. यंत्रे विकणारी कंपनी ही मूळ तोशिबाची उपकंपनी होती, तरी मूळ कंपनीचे अध्यक्ष आणि प्रेसिडेंट या दोघांनीही राजीनामे दिले.

कोकॉम १९९४ मध्ये गुंडाळली गेली. १९९६ पासून तिची जागा वासेनार व्यवस्थेने घेतली. तिच्या बरोबरीने क्षेपणास्त्र तंत्रज्ञानासाठी एमटीसीआर, रसायने आणि जैविक घटकांसाठी ऑस्ट्रेलिया गट आणि अणुसाहित्यासाठी अणुपुरवठादार गट अशा तीन मंडळ्या आहेत. यातली शेवटची तर १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर, भारताला समोर ठेवूनच उभी राहिली.

या विषयाकडे पाहताना भारतीय वाचकाला एक जास्तीची नजर मिळते, कारण नकार कसा असतो हे या देशाने सोसले आहे. १९८०च्या दशकात महासंगणक मागितला, तेव्हा अमेरिकेने मागितल्यापेक्षा कमी ताकदीचा क्रे संगणक दिला, तोही हवामानाच्या अंदाजासाठी आणि अटी घालून. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभे राहिले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी क्रायोजेनिक इंजिनाचा करार झाला, तर १९९२ मध्ये अमेरिकेने ग्लावकॉसमॉस आणि इस्रो या दोघांवर निर्बंध लावले. रशियाने नंतर तयार इंजिने दिली, पण ती बनवण्याचे तंत्र दिले नाही. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी झाला तो जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ गेला. १९९८ च्या चाचण्यांनंतर दोनशेच्या आसपास भारतीय संस्था आणि कंपन्या अमेरिकेच्या निर्यातबंधनांच्या ‘एन्टिटी लिस्ट’मध्ये गेल्या. त्यातल्या बहुतेकांची सुटका २००१ मध्ये झाली, इस्रो आणि डीआरडीओची २०११ मध्ये, तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची थेट जानेवारी २०२५ मध्ये.

हा इतिहास मनात ठेवून आजचे चित्र पाहायला हवे, कारण आता भारत दाराच्या आतल्या बाजूला उभा आहे. तो २०१६ मध्ये एमटीसीआरचा, २०१७ मध्ये वासेनारचा आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटाचा सदस्य झाला. अणुपुरवठादार गटाचे दार अजून बंद आहे. खान जाळे उघड झाल्यावर सुरक्षा परिषदेने एप्रिल २००४ मध्ये ठराव १५४० मंजूर केला आणि अशा वस्तूंवर लक्ष ठेवणे हे प्रत्येक देशाचे कर्तव्य ठरवले. पुढच्याच वर्षी भारताने सर्वसंहारक अस्त्रांविषयीचा कायदा केला. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यातही २०१० मध्ये या विषयाचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले.

निर्यातदाराच्या रोजच्या कामात या सगळ्याचे नाव आहे ‘स्कोमेट’. विशेष रसायने, सूक्ष्मजीव, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची ही भारताची नियंत्रण यादी. ती शून्य ते आठ अशा वर्गांत मांडली आहे. शून्य वर्गात अणुसाहित्य येते आणि त्याचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो. सहाव्या वर्गात लष्करी सामग्री येते आणि ती संरक्षण उत्पादन विभागाकडे जाते. बाकीच्या बहुतेक वस्तूंचा परवाना परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी देते. अर्ज ऑनलाइन होतो, त्याला अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि अनेक खात्यांचा मिळून बनलेला कार्यगट तो तपासतो. नियम मोडल्यास परकीय व्यापार कायद्याखाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

यादीचे नाव ऐकून बहुतेक जण समजतात की हे बॉम्ब आणि क्षेपणास्त्रांचे प्रकरण आहे, आपल्याशी त्याचा काय संबंध? मग आठव्या वर्गाची पाने उलटावीत. विशिष्ट अचूकतेची सीएनसी यंत्रे, काही बेअरिंग, सेन्सर, लेझर, दूरसंचार उपकरणे आणि माहिती गुप्त ठेवणारी सॉफ्टवेअर तिथे सापडतात. गंज न लागणारे व्हॉल्व्ह आणि पंप रसायन उद्योगाशी जोडून येतात. नियंत्रण म्हणजे बंदी, असेही मानू नये. २०२३ मध्ये डीजीएफटीने नागरी वापराच्या लहान ड्रोनसाठी सरसकट परवान्याची सोय केली, म्हणजे प्रत्येक खेपेला नवा अर्ज करण्याची गरज उरली नाही. एवढेच की ड्रोनचा पल्ला किती आणि तो वजन किती उचलतो, हे बनवणाऱ्याला आकड्यांत माहीत असले पाहिजे.

वस्तूनंतर नावाकडे यावे लागते, आणि इथे बड्या कंपन्याही चुकल्या आहेत. स्लोव्हेनियातली एक सॉफ्टवेअर कंपनी २०१५ मध्ये अमेरिकी अर्थखात्याच्या ओफॅक या कार्यालयाच्या यादीत गेली. यादीत तिच्या नावापुढची अक्षरे छोट्या लिपीत आणि मध्ये टिंबे देऊन लिहिली होती. ॲपलच्या नोंदीत तीच अक्षरे मोठ्या लिपीत, टिंबांशिवाय होती. संगणकाला दोन्ही नावे वेगळी वाटली आणि कंपनीला पैसे जात राहिले. २०१९ मध्ये ॲपलने ४,६६,९१२ डॉलर भरून प्रकरण मिटवले. पुढच्या वर्षी ॲमेझॉनच्या बाबतीत दिसले की निर्बंधांखालच्या क्रिमियाचे स्पेलिंग ‘सी’ऐवजी ‘के’ने लिहिलेला पत्ता त्यांच्या चाळणीतून निसटला होता. एकच आडनाव पासपोर्टवर एका स्पेलिंगने आणि बँकेत दुसऱ्या स्पेलिंगने लिहिलेले असण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रात हा धोका समजावून सांगावा लागत नाही. नाव जुळले की लगेच घाबरायचे नाही, आणि जुळले नाही म्हणून निश्चिंतही व्हायचे नाही. पत्ता, नोंदणी क्रमांक आणि संचालक ताडून पाहायचे.

नाव स्वच्छ असले तरी मालक कोण, हा प्रश्न उरतो. यादीतल्या व्यक्तींची एकत्रित मालकी ज्या कंपनीत ५० टक्के किंवा त्याहून जास्त असते, ती कंपनी यादीत नाव नसतानाही निर्बंधित मानली जाते, असा ओफॅकचा नियम आहे. त्याचप्रमाणे आपण विकत घेतो तो मालही कुठून येतो हे पाहावे लागते. एल्फ या अमेरिकी सौंदर्यप्रसाधन कंपनीने २०१२ ते २०१७ या काळात चीनमधल्या दोन पुरवठादारांकडून खोट्या पापण्यांच्या १५६ खेपा मागवल्या. त्यांत उत्तर कोरियातला कच्चा माल होता. कंपनीने पुरवठादारांचा दर्जा तपासला होता, कच्च्या मालाचे मूळ तपासले नव्हते. त्याची किंमत ९,९६,०८० डॉलर झाली.

परदेशाचा कायदा आपल्याला का लागू व्हावा, हा प्रश्न उद्योजक रागाने विचारतात. तो राग रास्त आहे. भारत सुरक्षा परिषदेचे निर्बंध पाळतो. एखाद्या देशाने एकतर्फी लावलेले निर्बंध मानण्यास तो बांधलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाशी व्यवहार केल्यावरून अमेरिकेने जे निर्बंध जाहीर केले त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. या व्यवहारांनी भारतीय कायदा मोडलेला नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले आणि निर्यात नियंत्रणाची माहिती कंपन्यांपर्यंत पोहोचवू, असेही सांगितले.

पण व्यवहारातली ताकद कायद्याच्या पुस्तकाबाहेरही असते. डॉलरमधले पेमेंट बहुधा न्यूयॉर्कच्या बँकेतून जाते आणि तिथे अमेरिकेचा कायदा चालतो. सुदान, इराण आणि क्युबाशी असे व्यवहार केल्याबद्दल फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि सुमारे ८९७ कोटी डॉलर भरले. इराणच्या तेलाचे काही पैसे २०१२ पासून कोलकात्याच्या यूको बँकेत रुपयांत जमा करण्याची वाट भारताने काढली आणि त्यावर बासमती आणि चहाची निर्यात चालली. पण मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणी तेलासाठी दिलेली सवलत संपवल्यावर ती तेलखरेदीच थांबली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतल्या वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीला निर्बंधांच्या यादीत घातले. तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टची मालकी निम्म्याहून किंचित कमी होती. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसह सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पुन्हा सुरू झाल्या, पण भारतातल्या कंपनीची भारतात चालणारी ईमेल व्यवस्था ब्रसेल्समधल्या निर्णयाने बंद पडू शकते, हे सगळ्यांनी पाहिले.

लहान कारखान्यापर्यंत हे वारे करारातून येते. मार्च २०२४ पासून युरोपीय निर्यातदाराला काही वस्तू विकताना ‘हा माल रशियात पुन्हा निर्यात करणार नाही’ असे कलम खरेदीदाराकडून मान्य करून घ्यावे लागते. युरोपातून बेअरिंग किंवा कंट्रोलर मागवणाऱ्या पुण्याच्या व्यावसायिकाने ते न वाचता सही केली, तर त्याने आपल्या पुढच्या ग्राहकाचीही हमी दिलेली असते.

हे सगळे कंटेनरपुरते समजले तर अर्धाच विषय कळेल. हिंजवडीत बसून एखादा अभियंता विमानाच्या टर्बाइनचे ड्रॉइंग ईमेलने परदेशी पाठवतो, सामायिक फोल्डरची लिंक देतो किंवा व्हिडिओ कॉलवर प्रक्रिया समजावतो, तेव्हाही निर्यात होते. शिपिंग बिल नसते, कस्टम हाऊस एजंट नसतो, गोदी तर नसतेच. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठातल्या एका निवृत्त प्राध्यापकाला २००९ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, कारण हवाई दलाच्या ड्रोन संशोधनाची माहिती त्याने परदेशी विद्यार्थ्यांच्या हाती जाऊ दिली. परदेशी ग्राहकांसाठी डिझाइन करणाऱ्या महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी सेवा कंपन्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

मग करायचे काय? मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळे खाते असते. पंधरा माणसांच्या कारखान्यात हिशेब पाहणारी व्यक्तीच निर्यातीचे कागद करते. तिच्यासाठी सुरुवात सोपी हवी. प्रत्येक उत्पादनाचे तांत्रिक आकडे एकदा स्कोमेटशी ताडून त्याची लेखी नोंद ठेवावी. ग्राहक, त्याची बँक, मालवाहू कंपनी आणि जहाज यांची नावे ऑर्डर घेताना आणि माल चढवताना, अशी दोनदा तपासावीत, कारण याद्या मधल्या काळात बदलतात. खुणा ओळखायला शिकावे. गेल्या वर्षीच सुरू झालेली ट्रेडिंग कंपनी, तिच्या धंद्याशी न जुळणारी ऑर्डर, तिसऱ्याच देशातून येणारे पैसे, इन्स्टॉलेशन आणि वॉरंटी नको म्हणणारा ग्राहक, शेवटचा पत्ता म्हणून दिलेले फॉरवर्डरचे गोदाम. यातली एक खूण म्हणजे गुन्हा नव्हे. पण खूण दिसल्यावर जो विचारतो आणि उत्तर फाइलमध्ये ठेवतो, त्याला उद्या आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येतो.

निर्बंध नेहमी न्याय्य असतात असा दावा इथे नाही. १९९० च्या दशकातल्या इराकमध्ये त्यांची झळ सामान्य घरांना बसली, आणि तेव्हापासून निर्बंध नेमक्या व्यक्ती आणि संस्थांवर रोखण्याचा विचार वाढला. कोणावर निर्बंध लावावेत हा राजकारणाचा वाद आहे आणि तो चालू राहील. आपण बनवलेल्या वस्तूने कोणाचा जीव जाऊ नये, ही काळजी मात्र त्या वादाच्या आधीची आहे, आणि ती कारखानदाराने सरकारवर सोपवून मोकळे होण्यासारखी नाही.

पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी वाचकाने गेल्या वर्षभराची शिपिंग बिले समोर घ्यावीत आणि एका कागदावर तीन रकाने आखावेत: वस्तू यादीतल्या कोणत्या वर्गाच्या जवळ जाते, पैसे कोणी पाठवले, आणि माल शेवटी कुठल्या यंत्रात, कुठल्या गावी बसवला गेला. पहिले दोन रकाने तासाभरात भरतील. तिसऱ्यात बऱ्याच ठिकाणी लिहायला काही सापडणार नाही. पहिले प्रकरण त्या मोकळ्या जागांपासून सुरू होते.